पीयूसीनंतर डिग्री करावी का? सीमाभागातला हिशेब

दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "डिग्री नसेल तर आजकाल कोण दारात उभं करून घेत नाही." दुसरा पक्ष लगेच शेजारच्या घराकडं बोट दाखवतो, "तो बघ की, बी.कॉम. होऊन काय करुलाय? मोबाईलच्या दुकानात बसुलाय." दोघांचंही खरं असतं, म्हणून हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी अर्धवट राहतो. शेवटी पोरगं मित्र जिथं गेले तिथं फॉर्म भरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना अंदाज बांधत बसावं लागणार नाही. डिग्री अजून उपयोगाची आहे. पण ती होईल तितकी स्वस्तात घ्यावी, आणि ती हातात आल्यावर घरात बसून राहू नये. साधी डिग्री करणाऱ्यांची घरं फीपायी बुडत नाहीत, डिग्रीनंतरच्या रिकाम्या वर्षांपायी बुडतात. कर्ज काढून केलेल्या डिग्रीची गोष्ट वेगळी, तिचा हिशेब पुढं मांडला आहे.

शिकलेलेच जास्त बेकार कसे?

दर थोड्या दिवसांनी एक आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीतली इन्स्टिट्यूट फॉर ह्युमन डेव्हलपमेंट ही संस्था, या दोघांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यानुसार २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेकारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. आकडा खरा आहे. त्याखाली लोक जे लिहितात, "मग शिकायचंच कशाला", ते मात्र चुकतं.

सरकारी मोजणीत बेकार कोण? काम नाही आणि काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो. दिवसभर गवंड्याच्या हाताखाली राबून चारशे-पाचशे घेऊन येणारा बेकार नाही. वडिलांच्या शेतात पगाराशिवाय राबणारासुद्धा बेकार नाही. आता बघा, खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या भूमिहीन घरातला अडाणी तरुण बेकार राहूच शकत नाही, कारण दोन दिवस काम नाही मिळालं तर तिसऱ्या दिवशी तो मिळेल ते पत्करतो. घरात वडिलांची पेन्शन किंवा चार एकर ऊस असलेला बी.ए. झालेला मुलगा मात्र दोन-तीन वर्षं एफडीए (सरकारी कारकुनाची वरची जागा) आणि पीएसआयच्या (फौजदार) जाहिरातीची वाट बघत अभ्यासिकेत बसू शकतो. मोजणीत पहिला कमावता, दुसरा बेकार. कुणाची परिस्थिती बरी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कोण थांबू शकतो एवढंच त्यातून कळतं.

वय वाढलं की हे प्रमाण उतरतं. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षात, पंधरा वर्षांवरचे सगळे पदवीधर धरले तर बेकारी १३.४ टक्के होती. म्हणजे दुखणं मुख्यतः डिग्रीनंतरच्या पहिल्या काही वर्षांचं आहे. पुढं बहुतेक जण कुठंतरी लागतात. फक्त ती पहिली वर्षं फुकट जात नाहीत, त्यांची किंमत कुणीतरी मोजतं. बहुतेक वेळा आई-वडील.

डिग्रीतून मिळतं तरी काय

शिक्षणामुळं पगार का वाढतो, यावर अर्थशास्त्रात दोन मोठी घराणी आहेत. एक गॅरी बेकर यांचं. त्यांचं म्हणणं असं की शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक असते. शिकल्यानं अंगात काहीतरी येतं, त्यामुळं काम चांगलं होतं आणि मालक त्याचे पैसे देतो. दुसरं मायकेल स्पेन्स यांचं. त्यांनी १९७३ साली मांडलं की शिकून अंगात काही आलं नाही तरी डिग्री उपयोगी पडू शकते, कारण ती खूण असते. मालकाला समोरचा पोरगा कष्टाळू आहे की टिवल्याबावल्या करणारा, हे दहा मिनिटांत कळत नाही. तीन वर्षं टिकून सहा सेमिस्टर पास होणं हे आळशी माणसाला जड जातं, तेव्हा ज्याच्याकडं सर्टिफिकेट आहे तो निदान टिकणारा आहे, असं मालक धरून चालतो. या कामासाठी स्पेन्स यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं.

ही दोन्ही घराणी एकाच शेडमध्ये बघायची असतील तर बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत जावं. तिथल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथवर आयटीआय झालेला ऑपरेटर उभा असतो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, वर-खाली जास्तीत जास्त दोन शतांश. दर काही जॉबनंतर तो मायक्रोमीटर लावतो. टूल झिजत जातं तसा व्यास हळूहळू वाढत जातो, हे त्याला ठाऊक असतं. साइज मर्यादेच्या वरच्या टोकाला पोचायच्या आधीच तो पॅनेलवर ऑफसेट देऊन साइज परत खाली आणतो. हे बेकर यांचं शिक्षण, हातात उतरलेलं. त्याच शेडच्या ऑफिसात बी.ई. झालेला ट्रेनी बसलेला असतो. त्याला पहिले सहा महिने मायक्रोमीटर नीट धरता येत नाही. तरी 'क्वालिटी इंजिनिअर' ही पाटी त्यालाच मिळते, आणि पाच-सात वर्षांनी गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटला उत्तरं द्यायला तोच उभा राहतो. यातलं काही त्याच्या अभ्यासाचं फळ असतं, काही निव्वळ खुणेचं. ऑपरेटरला हे बघून राग येतो. त्याचा राग मला पटतो.

खूण सगळ्यांच्याच गळ्यात आली की तिची किंमत घसरते. केंद्राच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी मुलं-मुली उच्च शिक्षणात होती, म्हणजे १८ ते २३ वयोगटातल्या लोकसंख्येच्या तुलनेत २८.४ टक्के. आजोबांच्या काळात मॅट्रिकवर मिळायची ती कारकुनी आज पदवीधर मागतो, आणि पदवीधरांच्या गर्दीतून पुढं यायला एम.कॉम. करतो. कामात काही बदल झालेला नसतो, फक्त रांगेत उभं राहायचं तिकीट महाग झालेलं असतं.

फाटकाच्या नोकऱ्या

या दोन्हींपेक्षा आपल्याकडं महत्त्वाची गोष्ट तिसरीच आहे, आणि ती साधी आहे. काही नोकऱ्यांच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं: पदवी पाहिजे. कर्नाटकात एसडीएला (खालच्या कारकुनाची जागा) पीयूसी चालते, एफडीएला पदवी लागते. पीएसआय, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), आयबीपीएसची बँक भरती, यूपीएससी, तीन वर्षांचं एलएल.बी., बी.एड., या सगळ्यांच्या दारात पदवीचं फाटक आहे. फाटकाला मुलगा हुशार आहे की नाही याच्याशी देणं-घेणं नसतं. कागद आहे, आत या. कागद नाही, बाहेर.

आणि हे फाटक कॉलेजचं नाव विचारत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तालुक्याच्या कॉलेजातली बी.ए. आणि बेंगळुरूच्या नामांकित कॉलेजातली बी.ए. या फाटकात सारखीच. म्हणून ज्याला स्पर्धा परीक्षाच द्यायच्या आहेत त्यानं साध्या पदवीवर लाखभर रुपये उडवणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. घराजवळचं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज बघावं, वाचलेल्या पैशात कोचिंग, पुस्तकं आणि चांगलं इंग्रजी घ्यावं.

आता पैशांचा हिशेब

कागद-पेन घ्या. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या घरचे तुम्ही घाला.

समजा पीयूसी झालेला मुलगा दुकानात किंवा कारखान्यात लागला तर महिना १२,००० कमावेल. डिग्रीला गेला तर तीन वर्षं ते मिळणार नाहीत. १२,००० गुणिले ३६, म्हणजे ४,३२,०००. कॉलेजची फी काही हजारांत भागली तरी डिग्रीची खरी किंमत ही आहे. हा आकडा कुठल्याच पावतीवर येत नाही, म्हणून तो कुणी धरत नाही.

डिग्रीमुळं पुढं महिना ५,००० जास्त मिळाले असं धरू. वर्षाला ६०,०००. ४,३२,००० वसूल व्हायला सात वर्षांपेक्षा थोडं जास्त. एकविसाव्या वर्षी डिग्री, अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी हिशेब बरोबरीत, आणि पुढची तीस वर्षं फायदा. वाईट सौदा नाही.

आता यात दोन वर्षांचं 'तयारी चाललीय' घाला. आणखी २,८८,००० गेले. एकूण ७,२०,०००. तेच वर्षाला ६०,००० धरले तर वसुलीला बारा वर्षं. फी एक रुपयानंही वाढली नाही, कॉलेज तेच, डिग्री तीच, तरी वसुलीचा काळ दीडपटीपेक्षा जास्त झाला.

ही दोन वर्षं कधीकधी चार होतात. जाहिरात येते, पुढं ढकलली जाते, पेपर फुटल्याची बातमी येते, कोर्टात स्टे येतो. मुलाचा यात दोष नसतो, पण घड्याळ चालू राहतं. कर्नाटक सरकारची युवा निधी योजना नेमकी याच काळासाठी आहे: पास झाल्यावर १८० दिवसांत नोकरी लागली नाही तर पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा काम लागेपर्यंत. पात्र असाल तर जरूर घ्या. पण वरच्या हिशेबात बघा, महिन्याला बुडतात १२,००० आणि हातात येतात ३,०००. त्यापेक्षा तयारी करताना अर्धवेळ का होईना काम धरावं. कॉमर्सवाला असेल तर एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडं जीएसटीच्या रिटर्नचं काम. परीक्षा नाही निघाली तर निदान अंगात काहीतरी उरतं.

केंद्राची अ‍ॅप्रेंटिसशिपही आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० विद्यावेतन ठरलं होतं, आणि ते वाढवायची शिफारसही नंतर झाली आहे. बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही ही वाट खुली आहे, पण आपल्याकडं ती फक्त इंजिनिअरिंगवाल्यांची आहे असाच समज.

कर्जाची डिग्री

इथं मात्र फीच घर खाऊ शकते. समजा मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंग, वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख, सगळं कर्ज, १० टक्के व्याज. कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, म्हणून घरात कुणाला काही जाणवत नाही. पण व्याज चालू असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर पाच वर्षांचं ७५,०००, दुसऱ्याच्या ६०,०००, मग ४५,०००, मग ३०,०००. एकूण २,१०,०००. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज सहा लाख नाही, आठ लाख दहा हजार. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास.

आता पोराला पुण्यात किंवा बेंगळुरूत पहिला पगार बावीस हजार मिळाला तर? खोलीभाडं, मेस आणि हप्ता. बाप गावाकडून पैसे पाठवतो आणि भावकीत सांगतो, पोरगं इंजिनिअर हाय.

याचा अर्थ इंजिनिअरिंग करू नये असा नाही. केसीईटीतून (कर्नाटकाची प्रवेश परीक्षा) सरकारी कोट्याची सीट, चांगलं कॉलेज, कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखी शाखा आणि मुलाला खरोखर गणित जमतंय, तर कर्ज काढूनही करावं. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, मुख्यालयच आपल्या बेळगावात आहे, कॉलेजांची वानवा नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा रँक लांबची असते, गणितात रडारड असते आणि तरी 'समाजात दिसायला' सीट विकत घेतली जाते. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते. पण ती ठरावीक दर्जाच्या संस्थांपुरती आहे. तुमच्या कॉलेजचं नाव त्या यादीत आहे का, हे अ‍ॅडमिशनच्या आधी बघायचं, नंतर नाही.

दोन राज्यांच्या मध्ये

सातारच्या किंवा हुबळीच्या मुलाला जे प्रश्न पडत नाहीत ते आपल्या मुलांना पडतात. एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. निपाणी कर्नाटकात, आणि निपाणीची कितीतरी मुलं ज्या देवचंद कॉलेजात जातात ते अर्जुननगरला, निपाणीला लागून असूनही कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी. घर एका राज्यात, डिग्री दुसऱ्या राज्याची. महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलं नेमकी उलट दिशेनं बेळगावला येतात. बस पकडण्यापुरतं हे सोयीचं आहे, पण कागदावर त्याचे परिणाम होतात.

केसीईटीत राज्याच्या सीटसाठी साधारण नियम असा की मुलानं कर्नाटकात किमान सात वर्षं शिकलेलं असावं आणि दहावी किंवा दुसरी पीयूसी इथून पास असावं. दहावीपर्यंत निपाणीत शिकून अकरावी-बारावीला अर्जुननगरला गेलेला मुलगा यात बसतो. पण दहावीपर्यंत चंदगडला शिकून पीयूसीला बेळगावात आलेला बसत नाही. त्याला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसाठी डोमिसाईलच्या जोरावर अर्ज करता येतो, मेडिकलच्या राज्य कोट्याला मात्र दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागते. म्हणजे डॉक्टर व्हायचं स्वप्न असलेल्या चंदगडच्या मुलीला 'बेळगावची कॉलेजं भारी' म्हणून पीयूसीला इथं आणणं तिच्या मुळावर येऊ शकतं. हे अकरावीच्या प्रवेशावेळी कुणी सांगत नाही.

उलट बाजूनं एक सवलत आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वेगळी पात्रता आहे, आणि महाराष्ट्राच्या सरकारी भरतीतही वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. दाखले काढून ठेवायला वेळ लागतो, भरतीची मुदत पंधरा-वीस दिवसांची असते. तेव्हा ते आधीच फाईलला असावेत. जातीच्या दाखल्याबद्दल मात्र भ्रमात राहू नये. मराठा समाज कर्नाटकात मागासांच्या ३ब प्रवर्गात आहे, पण तो दाखला घेऊन महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर बसता येत नाही. एका राज्याचं आरक्षण दुसऱ्या राज्यात चालत नाही. पलीकडं गेलात तर खुल्या गटातून लढायची तयारी ठेवा.

आणि कन्नड. हा विषय काढला की आपल्याकडं आवाज चढतात, तरी तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो ज्या दिवशी सुटायचा त्या दिवशी सुटेल. तोवर कर्नाटकातल्या सरकारी नोकरीत सक्तीची कन्नड परीक्षा आहे, आणि मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं पदवी असूनही तिथं अडतात. तीन वर्षं घालवून पदवीचं फाटक उघडलं आणि आतलं दुसरं फाटक बंद, असा प्रकार होतो. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत दहावी किंवा बारावीच्या मार्कलिस्टवर स्थानिक भाषा असली की वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. म्हणजे शाळेत जे कन्नड 'पास होण्यापुरतं' केलं जातं, तेही पुढं एक चाचणी वाचवतं. मराठीवर प्रेम करायला कन्नड वाचता न येणं ही अट कुणी घातली, मला माहीत नाही. उलट दोन्ही बाजूंची पत्रं वाचू शकणारा मुलगा महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या एमआयडीसीतही कामाचा आणि कर्नाटकातल्या होनग्याच्या कारखान्यातही.

मध्येच धोरणाचाही एक घोळ आहे. कर्नाटकानं २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांवर आलं. महाराष्ट्रात चौथ्या वर्षाचा पर्याय चालू आहे. इथून तीन वर्षांची पदवी घेऊन कोल्हापूरला एम.ए.ला जाणाऱ्यानं एम.ए. एक वर्षाची की दोन वर्षांची, हे आधी विचारून घ्यावं.

डिग्रीशिवायच्या वाटा, आणि त्यांच्या टोकाचा प्रश्न

बेळगावची फौंड्री, हायड्रॉलिक्स, मशीनिंग ही मोठी शिदोरी आहे. हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांचं सेझ आहे. इथं आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला हुशार मुलगा साध्या बी.ए.वाल्याच्या आधी कमवायला लागतो. उद्यमबागेतलं सरकारी टूल रूम, ज्याला सगळे जीटीटीसी म्हणतात, तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तर माझ्या मते या जिल्ह्यातला सगळ्यात दुर्लक्षित चांगला कोर्स आहे.

अडचण सुरुवातीला येत नाही, पस्तिशीत येते. ऑपरेटरचा सेटर होतो, सेटरचा सुपरवायझर होतो, आणि तिथं छत लागतं. वरच्या खुर्चीसाठी कागद मागतात. म्हणून या वाटेनं जाणाऱ्यानं कागदाकडं पाठ फिरवू नये, फक्त क्रम उलटा करावा: आधी काम, मग डिग्री. डिप्लोमावाल्याला डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू, म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. यूजीसीची मान्यता असलेली मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. सरकारी भरतीत रेग्युलर बी.कॉम.इतकीच चालते. फक्त पत्राद्वारे इंजिनिअरिंगची डिग्री देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तसली पदवी सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच अमान्य ठरवली आहे.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं आपल्याकडं गावोगाव दिसतात. अग्निवीर झाला तर चार वर्षं, शेवटी सेवा निधी मिळून सुमारे ११.७१ लाख, आणि जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. बाकीचे बाविशी-तेविशीत बारावीच्या कागदावर परत गावात. त्यांच्यासाठी इग्नूची खास पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. भरती होतानाच तिची चौकशी केलेली बरी.

मुलींचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. वरचं ४,३२,००० चं गणित मुलीला लावलं तर ते चुकतं, कारण बऱ्याच घरांत तिच्यासमोर डिग्री की नोकरी असा पर्यायच नसतो. डिग्री की लग्न, असा असतो. कॉलेज सुटलं की स्थळं सुरू होतात. तीन वर्षांचं बी.ए. म्हणजे तीन वर्षं रोज घराबाहेर पडायचा परवाना, आणि लग्न तेवढं पुढं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळं 'रोजचं भाडं कोण भरणार' ही सबबही गेली. खानापूरकडून सकाळच्या बसला बेळगावला येणाऱ्या मुली बघा, त्यांच्यातल्या कितीतरी घरातल्या पहिल्या पदवीधर असतील. त्यांच्या डिग्रीतून पगार किती वाढला, हे विचारणं मला लहान प्रश्न वाटतो. तरी सुचवायचंच तर, जिथं पदवीबरोबर नोंदणी किंवा परवाना मिळतो, ते बघावं. बी.एस्सी. नर्सिंगवाली मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी हॉस्पिटल तिथंही असतं.

फी भरायच्या आधी

कॉलेजवाले 'हायेस्ट पॅकेज' मोठ्या अक्षरात छापतात. तो एका मुलाचा आकडा असतो. तुम्ही विचारा: गेल्या वर्षी या शाखेत पास किती झाले, कॅम्पसला बसले किती, लागले किती, आणि रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळाले? ऑफर लेटर हातात आलं आणि कंपनीनं कामावर बोलावलंच नाही, असे किती? लेखी उत्तर मागितलं की काउंटरवरचा माणूस "सर येऊ देत" म्हणतो. मग कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या गाड्यावर शेवटच्या वर्षाची मुलं उभी असतात, त्यांना विचारा. आणि जमलंच तर दोन वर्षांपूर्वी पास झालेले तुमच्याच गावचे दोघं-तिघं गाठा. ते आता काय काम करतात, किती मिळतं, आणि पास झाल्यावर किती महिने घरी होते, हे तेवढं विचारून घ्या. तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सोडू नका.